सोसायटीच्या बागेची जबाबदारी गळ्यात पडलीय? ऑक्टोबरपासून सुरुवात करा

सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकावी लागते. सभेत पार्किंगवर दोन तास जातात, लिफ्टवर पाऊण तास, आणि वडे गार होत आले की कुणीतरी विचारतं, "बागेचं कोण बघणार?" त्या क्षणी ज्याने मोबाइलमधून मान वर काढली, तो बागसमितीत गेला. माझं असंच झालं. पुण्यातली आमची सोसायटी तशी जुनी. तीन इमारती, चाळीसेक झाडं, मधोमध हिरवळ, फाटकापाशी सहा वाफे, आणि कुंड्या किती हे विचारू नका, दर वेळी मोजल्या की आकडा बदलतो.

यात गोची अशी की बागेतलं वर्षभरातलं सगळ्यात घाईचं काम, म्हणजे हिवाळी फुलांची पेरणी, हेही सप्टेंबर-ऑक्टोबरातच असतं. तुम्ही समितीत जाता तेव्हाच थोडा उशीर झालेला असतो. मला हे कळायला एक अख्खा हिवाळा गेला. डिसेंबरात शेजारच्या सोसायटीत पिटुनियाचे गालिचे, आणि आमच्या वाफ्यांत उकरलेली माती आणि एक मांजर. बागेत आज जे दिसतं त्याचं काम आधीच्या ऋतूत झालेलं असतं, एवढं एक डोक्यात ठेवलं की बाकीचं माळी शिकवतो. म्हणून हे लिखाण जानेवारीपासून नाही, ऑक्टोबरपासून सुरू होतं. वेळा पुण्याच्या हवेच्या आहेत. मुंबई-कोकणात थंडी उशिरा येते आणि लवकर पळते, विदर्भात उन्हाळा आधी तापतो, तेव्हा पंधरवडाभर मागेपुढे धरा.

पायरी १: पहिला आठवडा काही लावू नका, नुसतं फिरा

सकाळी माळीकाकांबरोबर फेरी मारायची. ते आल्या आल्या नाही, त्यांचं पाणी देऊन झाल्यावर. सोबत एक शंभरपानी वही ठेवा. फोनमध्ये लिहू नका, कारण ही नोंद तुमच्यानंतर येणाऱ्याच्या हातात द्यायची आहे आणि फोन तुम्ही देणार नाही.

प्रत्येक झाडापाशी, वाफ्यापाशी थांबून आधी एक विचारा: खाली जमीन आहे की स्लॅब? नव्या संकुलांत बाग बहुतेक वेळा पार्किंगच्या छतावर असते. वर दीड-दोन फूट माती, तिच्याखाली वॉटरप्रूफिंग आणि त्याखाली कुणाची तरी नवी गाडी. तिथे गुलमोहर किंवा रेन ट्री लावायचा हट्ट कुणी धरला तर सरळ नाही म्हणा. तगर, कुंद, अनंत, कढीपत्ता, सोनटक्का, हिरवळ हे सगळं तिथे सुखाने राहतं.

मग ऊन. ऑक्टोबरात छान उन्हात दिसणारा वाफा डिसेंबरात दिवसभर सावलीत जाऊ शकतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो आणि इमारतीची सावली उत्तरेला लांब पसरते. आमचे सहापैकी दोन वाफे असे आहेत. त्यांत हिवाळी फुलं लावून दोन वर्षं बियाणं वाया घालवलं. आता तिथे नेचे आणि अळू आहे, आणि ते खूश आहेत.

पाणी कुठून येतं तेही विचारून घ्या. बोअरचं, टँकरचं की एसटीपीचं? सांडपाणी शुद्ध करून आलेलं पाणी हिरवळीला, झाडांना चालतं. पण त्यात क्षार असतात आणि कधीकधी वासही. ते कारंज्यासारखं उडवू नका, आणि तुळस, पुदिना, कढीपत्ता, म्हणजे जे कुणी तोडून तोंडात टाकणार, त्याला देऊ नका.

मुलांच्या खेळाच्या जागेभोवती पिवळी कन्हेर आहे का तेवढं बघा. बी विषारी असते. असेल तर घाबरून तोडायला नको, पण खाली पडलेली फळं रोज उचलायची आणि मुलांना झाड ओळखायला शिकवायचं.

पायरी २: रिकाम्या कुंड्या रिकाम्या नसतात

ही पायरी मी शरमेने लिहितेय. पहिल्याच जानेवारीत मी "स्वच्छता मोहीम" काढली. जिन्याखाली दहा-बारा कुंड्या नुसत्या मातीच्या पडल्या होत्या. माती वाफ्यात ओतली, कुंड्या धुतल्या, पालथ्या घातल्या, फोटो काढला. एप्रिलमध्ये बी विंगमधल्या आजी खाली आल्या. "माझा भुईचाफा यंदा वर आलाच नाही गं." त्यांनी तो माहेरून, कोकणातून आणला होता, आणि किती वर्षांपूर्वी हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

भुईचाफ्याचं असंच असतं. हिवाळ्यात पान नाही, काही नाही, कोरडी माती. उन्हाळ्यात एक दिवस थेट मातीतून जांभळं-पांढरं फूल वर येतं, पानं मागाहून. मे फ्लॉवर, म्हणजे तो लाल चेंडू, त्याचा कंदही असाच झोपतो. सोनटक्क्याची पानं थंडीत पिवळी पडून वाळतात. निशिगंधही सुस्त होतो. या कुंड्यांना हिवाळ्यात पाणी जवळपास बंद ठेवायचं, नाहीतर कंद कुजतात. प्रत्येकीवर नाव लिहा. मार्करची अक्षरं उन्हात उडतात, ऑइलपेंटची राहतात. वहीत वेगळं पान करा: कोणत्या कुंडीत काय झोपलंय आणि कुणाचं.

याच कुळातली दुसरी तक्रार दर वर्षी येते: "चाफा मेला, तोडून टाका." देवचाफा थंडीत पानं गाळून नुसत्या गुबगुबीत फांद्यांनिशी उभा राहतो. नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं आणि चीक आला तर झाड जिवंत आहे.

पायरी ३: हिवाळी वाफे

आता मुख्य काम. पाऊस ओसरला की वाफे खणायला घ्यायचे. पण माती चिखल असताना फावडं घालू नका, ढेकळं होतात आणि ती डिसेंबरपर्यंत फुटत नाहीत. वाफसा, म्हणजे खणण्याजोगी बेताची ओल, यायला हवा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. खाली पडून फुटला तर वाफसा आला, तसाच राहिला तर दोन दिवस थांबा.

एक वीतभर खोल खणून तण मुळासकट काढायचं आणि माती चार-पाच दिवस उन्हात तापू द्यायची. मग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, चौरस मीटरला एखादं घमेलं, आणि दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत हातात घेऊन बघा. काळं, भुसभुशीत, वास नसलेलं असेल तर घ्या. शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे, त्यासोबत हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या मुळं खातात.

रोपं दोन प्रकारे मिळतात. बी पेरून किंवा नर्सरीतून. पहिल्या वर्षी नर्सरीतून आणा, कमीपणा मानू नका. दुसऱ्या वर्षी अर्धं बी पेरा. झेंडू, कॅलेंडुला यांचं बी हाताला लागतं, ते अर्धा सेंटिमीटर मातीखाली घाला. पिटुनियाचं बी मात्र तपकिरीसारखं बारीक. ते चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून ट्रेवर भुरभुरायचं, वर माती टाकायची नाही आणि झारीने पाणी घालायचं नाही, सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. ट्रे पाण्याच्या घमेल्यात ठेवून खालून पाणी प्यायला द्या. रोपाला चार-सहा पानं आली, म्हणजे महिनाभराने, की वाफ्यात न्यायचं. संध्याकाळी लावा, सकाळी नको. ऑक्टोबरची दुपार जूनपेक्षाही वाईट असते.

अंतर सोडताना हात आखडतो. पिटुनियाची दोन बोटांची रोपं फूटभर अंतरावर लावली की वाफा टकला दिसतो आणि ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "एवढीच?" दुर्लक्ष करा. डिसेंबरात ती एकमेकांना भिडतात. दाटीने लावली तर हवा खेळत नाही आणि खालची पानं कुजतात. डायंथस, फ्लॉक्स, पँझी थोडी जवळ चालतात. श्वानमुख, म्हणजे स्नॅपड्रॅगन, मागच्या रांगेत, कारण ते उंच होतं. साल्व्हिया लाल आणि ठसठशीत असतो, फाटकाजवळ तोच लावावा, लांबून दिसतो.

लावल्यावर तीन-चार आठवड्यांनी शेंडे खुडायचे. हे सांगितलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. पण शेंडा खुडला की बाजूने फांद्या फुटतात, झुडूप होतं, फुलं तिपटीने येतात. पुढे फूल सुकलं की लगेच काढायचं. बी धरू दिलं की रोपाला वाटतं आपलं काम संपलं.

इथे एक इशारा. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन २६ जानेवारीच्या आसपास भरतं. जरूर जा, नातवंडांना न्या. पण तिथून फुललेल्या हिवाळी कुंड्या भरभरून आणू नका. जानेवारीअखेर त्यांचं अर्ध्याहून जास्त आयुष्य सरलेलं असतं आणि मार्चच्या उन्हात त्या माना टाकतात. प्रदर्शनात जातींची नावं टिपून घ्या, खरेदी पुढच्या ऑक्टोबरात.

शेवंती आणि वॉचमनची ट्यूबलाइट

शेवंतीवर वेगळं लिहायलाच हवं. आम्ही अकरा कुंड्या केबिनला लागून ओळीने मांडल्या, कारण तिथे पाण्याचा नळ जवळ. झाडं कशी, तजेलदार, कमरेएवढी, पानंच पानं. नोव्हेंबर गेला, डिसेंबर आला, कळी नाही. मी खत बदललं, मग दोष नर्सरीला दिला. त्याच वेळी पाठीमागच्या भिंतीशी, कचऱ्याच्या डब्यांपलीकडे, फुटक्या कुंडीत एक शेवंती पिवळीधमक फुलली होती.

माळीकाका एवढंच म्हणाले, "ताई, इथं रात्रच होत नाही."

केबिनवरची ट्यूब रात्रभर जळत होती. शेवंतीला कळ्या धरायच्या तर लांब, सलग, काळोखी रात्र लागते. पावसाळ्यानंतर रात्र मोठी होत जाते, त्याची खूण धरूनच ती फुलायला घेते. मधे दिवा लागला की तिच्या लेखी उन्हाळाच चालू. पुढच्या वर्षी सप्टेंबरात त्याच कुंड्या मागच्या भिंतीशी हलवल्या आणि कळ्या दिसल्यावर पुढे आणल्या. ख्रिसमसच्या लाल पानांच्या पॉइनसेटियाचंही असंच. तेव्हा संकुलात नवे दिवे लावायचा ठराव झाला की बागसमितीने जाऊन बसावं, नाहीतर दिव्याचा खांब नेमका वाफ्यात येतो.

फुलं संपली की शेवंती मातीपासून वीतभरावर कापायची. बुडातून निघणाऱ्या काश्या जपायच्या, जून-जुलैत त्यांचीच नवी रोपं होतात. थंडीत कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो. रोज सकाळी पाण्याचा जोराचा फवारा मारला तरी निम्मा जातो. उरलेल्याला लिटरभर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी. संध्याकाळी फवारा, मधमाश्या गेल्यावर.

पायरी ४: ऑक्टोबर ते जानेवारी, बाकीची कामं

गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात. वाळक्या, आत वळलेल्या, पेन्सिलपेक्षा बारीक फांद्या काढायच्या, बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवा फुटवा येतो त्या उंचवट्याच्या, वर तिरका काप घ्यायचा. साधारण पंचेचाळीस दिवसांनी फुलं.

याच दिवसांत संध्याकाळी सप्तपर्णी घमघमते आणि तिच्याबरोबर तक्रारीही. काहींना तो वास आवडतो, काहींचं डोकं उठतं, आणि दोघंही एकाच मजल्यावर राहतात. बहर दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. झाड तोडायची मागणी तोवर चर्चेत ठेवा, नंतर कुणालाच आठवत नाही. मात्र नवीन लावताना सप्तपर्णी खिडक्यांपासून दूर लावा. बुचाचं झाड असेल तर मुलांना सकाळी लवकर उठवा. रात्रीत लांब देठांच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला असतो, पण झाडूवाले साडेसातला येतात. त्यांना सांगून तेवढा कोपरा नऊपर्यंत राखून ठेवता येतो. आमच्याकडे जमलं.

मोगऱ्याला डिसेंबरपासून पाणी कमी करत न्या. याला ताण देणं म्हणतात. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला छाटून, जुनी पानं काढून, खत घालून मग भरपूर पाणी. मार्चपासून कळ्या. ज्यांनी दया येऊन थंडीतही रोज पाणी घातलं, त्यांच्याकडे पानं येतात.

पायरी ५: फेब्रुवारी-मार्च, पानगळ

आता संकुलात दोन पक्ष पडतात. एकाला काटेसावर, पळस, पांगारा फुललेला दिसतो, त्यावर मैना आणि शिंजिर झुंबड करतात ते दिसतं. दुसऱ्याला गाडीवर पडलेली पानं दिसतात. रेन ट्रीची पानं तर झाडून संपतच नाहीत.

पालापाचोळा जाळायचा नाही. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, आणि धूर आधी पहिल्या मजल्यावरच्या दमेकऱ्याच्या घरात जातो. त्याऐवजी चार खांब आणि कोंबडीजाळी, चार फूट बाय चार फुटांचा पिंजरा. त्यात पानं भरायची, प्रत्येक फूटभर थरावर शेणाचं पाणी किंवा जुनं कंपोस्ट, आणि चक्क पायांनी तुडवायची. मुलं हे काम फुकट करतात. आठवड्याला पाणी, महिन्याने उलथापालथ. आत ओल राहायला हवी, पिळलेल्या फडक्याइतकी. फेब्रुवारीत भरलेला पिंजरा पाऊस लागेपर्यंत अर्ध्यावर बसतो आणि ऑक्टोबरच्या वाफ्यांना खत तयार. वर मी घमेलंभर खत म्हटलं ते इथून येतं, विकत आणायला नको.

थोडी पानं झाडांच्या आळ्यांत तीन-चार इंच जाडीने पसरा, बुंध्याला न चिकटवता. उन्हाळ्यात पाणी निम्म्याने वाचतं की नाही याचा हिशेब मी केलेला नाही, पण माती बोटाला दुसऱ्या दिवशीही ओली लागते.

पायरी ६: एप्रिल-मे

हिवाळी वाफे उपटले की त्यांत पोर्टुलाका, झिनिया, गलांडा लावा. ही उन्हात हसणारी मंडळी. पोर्टुलाकाला लोक ऑफिस टाइम म्हणतात ते उगाच नाही, ऊन चढलं की उघडतं, उतरलं की मिटतं.

पाणी पहाटे द्या. मोठ्या झाडांना रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा आळं भरून. रोजच्या शिंपडण्याने मुळं वरवर राहतात. पाणीकपात लागली तर हिरवळीला पिवळी पडू द्या. ती जूनमध्ये परत येते, दहा वर्षांचं झाड येत नाही.

वर बघायचेही हे दिवस. बहावा, नीलमोहर, सोनमोहर, आणि महाराष्ट्र दिनाच्या सुमारास ताम्हण, राज्याचं फूल. साताऱ्यात १ मे हा गुलमोहर दिन म्हणून साजरा करतात. बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस, हेही दर वर्षी ऐकू येतं. माझ्या वहीत ते एकदा जुळलं, दोनदा नाही.

आता छाटणी. वळवाचा पाऊस वादळ घेऊन येतो आणि गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं वरवर. खालची गाडी दबली की सगळे बागसमितीकडे बघतात. पण कोयता घ्यायच्या आधी अर्ज करा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. झाड सोसायटीच्या आवारातलं असलं, सोसायटीने लावलेलं असलं, तरी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. धोकादायक फांद्यांसाठीही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे फोटोंसह अर्ज द्यावा. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज फेब्रुवारीतच टाका. फांदी कापायच्या दिवशी घरटं आहे का हे खालून दुर्बिणीने बघा. आणि शेंडा उडवून झाडाचा खांब करणाऱ्या ठेकेदाराला काम देऊ नका, तसं झाड पुढच्या वर्षी कमजोर फुटव्यांची झाडूच होतं.

पावसाळ्यात झाडं लावायची असतील तर खड्डे मेमध्ये. दोन बाय दोन बाय दोन फूट, मुरूम बाजूला काढून, खड्डा उन्हात तापू द्यायचा. नवं काय लावायचं यावर वाद होतो, तिथे एकच नाव मी अडवते: कोनोकार्पस. भिंतीसारखा दाट हिरवा दिसतो म्हणून बिल्डरांनी तो जागोजागी लावला. त्याची मुळं नळ, ड्रेनेज शोधत जातात, आणि परागकणांच्या त्रासाच्याही तक्रारी आहेत. गुजरात सरकारने २०२३ मध्ये तो लावायला बंदीच घातली. त्याच्या जागी बकुळ, करंज, बहावा, सीतेचा अशोक, हवं ते लावा.

पायरी ७: पावसाळा

मृग लागून पहिल्या दोन-तीन सरी झाल्या की एका सकाळी कडेच्या गवतात रेन लिली एकदम फुलते. हिरवळीच्या कडेला मखमली लाल मृगाचे किडे दिसले तर त्यांना पायदळी येऊ देऊ नका, ते रोपांना काही करत नाहीत.

दसऱ्याचा झेंडू जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत पेरायचा. बी ते फूल अडीच महिने धरा आणि त्या वर्षीच्या दसऱ्यापासून मागे मोजा, तिथी दर वर्षी हलते. तेरडा, कोंबडा, कॉसमॉसही आताच.

जाळीखाली, पायऱ्यांवर, भिंतींवर मोठ्या शंखाच्या गोगलगाई दिसल्या तर त्या आफ्रिकन. एका रात्रीत झेंडूचा वाफा साफ करतात. औषध टाकायची घाई नको, कुत्री-मांजरं आहेत. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याशेजारी पसरा, खाली पपईची पानं. रात्री नऊला टॉर्च, हातमोजे आणि मिठाच्या पाण्याची बादली घेऊन दोघांनी जायचं. मीठ मातीवर टाकायचं नाही, माती नासते. उघड्या हाताने गोगलगाय उचलू नका, मुलांना तर अजिबात नाही, त्यांच्यात माणसाला बाधणारे परजीवी असू शकतात. पहिल्या रात्री आम्ही सत्तरच्या पुढे मोजणं सोडलं. तीन आठवडे नेटाने केल्यावर फरक पडला.

शेवग्याच्या बुंध्यावर केसाळ घुल्यांचा पुंजका दिसेल. हात लावू नका, खाज दोन दिवस जात नाही. पण सगळेच सुरवंट शत्रू नव्हेत. कढीपत्ता, लिंबू यांवरची हिरवी अळी पुढे फुलपाखरू होते. आमटीपुरता कढीपत्ता दोघांना पुरतो.

गाजरगवत फुलायच्या आत, ओल्या मातीत मुळासकट उपटा, मोजे घालून. १९५०च्या दशकात भारतात ते लक्षात आलं तेच पुण्यात, तेव्हा निदान आपल्या कुंपणाच्या आत तरी हे ऋण फेडू. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा ओतायच्या, त्याही ठरलेल्या वारी. डासाची अळी आठवडा-दहा दिवसांत डास होते.

आणि एका रात्री ए विंगमधलं कुणीतरी ग्रुपवर टाकतं: आज उमलणार. घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात तो खरं तर निवडुंगाच्या कुळातला. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. पण रात्री अकराला गाऊन-बर्म्युडात तीस माणसं एका कुंडीभोवती उभी असताना हे सांगू नये. मी सांगितलं होतं.

पायरी ८: सणांचा धसका

वटपौर्णिमेला फांद्या, हरितालिकेला आणि गणपतीला पत्री, दसऱ्याला पानं, पाडव्याला कडुनिंबाचा मोहर. मनाई करून बघितली, पहाटे पाचला तोड होते. त्यापेक्षा सोय करा. कुंपणाच्या एका कोपऱ्यात हरळी मुद्दाम राखा, दूर्वा तिथून. आघाडा उपटायच्या यादीतून भाद्रपदापर्यंत वगळा. तेरड्याच्या गौरी बसवणाऱ्या घरांसाठी एक वाफा सांगून ठेवा. आदल्या संध्याकाळी माळीकाका कात्रीने पत्री काढून टोपलीत फाटकाशी ठेवतात, तेव्हापासून ओरबाडणं जवळजवळ थांबलंय. दसऱ्याला आपटा म्हणून बहुतेक जण कांचनाचीच पानं ओरबाडतात. दोन्ही पानं दुभंगलेली, म्हणून फसगत. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं, मऊ. फलक लावा, वाचतात.

गणपती गेले की पुढच्या सभेची नोटीस लागते. तोवर ट्रे धुऊन वाळवा, बियाणं आणा, वाळू चाळून ठेवा, शेवंत्या मागच्या भिंतीशी हलवा. सभेच्या आदल्या दिवशी वही काढून झोपलेल्या कुंड्यांचं पान ताजं करा. आमच्याकडे यंदा सात आहेत. सातवीत आजींनी भाचीकडून पुन्हा मागवलेला भुईचाफा आहे, आणि तिच्यावर त्यांनी स्वतःच लाल रंगाने लिहिलंय: "रिकामी नाही."